मागच्या अंगणातली चार बांधकामं: रामबागेतल्या एका भाड्याच्या घराचं प्रकरण

इंदूरच्या रामबागेतलं हे घर स्वातंत्र्याच्या आधीचं. पुढे दुमजली मुख्य इमारत, तिच्यात तीन भाडेकरू आणि तळमजल्याच्या अर्ध्या भागात स्वतः घरमालकीण. वय सत्तरीपुढचं. मी त्यांना काकू म्हणते. मागे अंगण आणि त्यात वेगवेगळ्या काळात उभी राहिलेली चार छोटी बांधकामं. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) होऊन गेली आणि काकूंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, "ताई, पावसाळ्याच्या आत मागचं सगळं काढून टाकायचंय. तुम्ही फक्त एक रिपोर्ट द्या, की हे जर्जर आहे."

त्याच्याकडे दोन ठेकेदारांचे आकडे तयार होते. एक म्हणत होता, सगळं पाडून मलबा उचलून फरशी टाकून देतो, पार्किंग होईल. दुसरा म्हणत होता, सगळ्याला प्लास्टर मारून वर चद्दर (छपराचा पत्रा) टाकून देतो, दहा वर्षं बघायला नको. दोघांनीही अंगणाकडे एकच वस्तू म्हणून पाहिलं होतं. मी जुन्या घरांची तपासणी करते. माझा अनुभव असा की मागच्या बांधकामांचे चुकीचे निर्णय बहुतेक इथेच होतात: पुढचं घर ते 'घर' आणि मागचं ते 'मागचं सगळं'. इथे चार बांधकामं होती, प्रत्येकाच्या खाली जमीन वेगळी होती, प्रत्येकाच्या आतली माणसं वेगळी होती, आणि चौघांचं शेवटी जे झालं तेही एकसारखं नाही. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे ते त्यासाठी. घर ओळखू येईल असे तपशील वगळले आहेत.

काय काय होतं

मागच्या हद्दीला टेकून दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, बांधकाम. पूर्वी नोकरांसाठी. एका खोलीत मावशी राहतात. काकूंच्या सासूबाईंच्या वेळेपासून त्या या घरात कामाला होत्या, नंतर काम सुटलं, खोली राहिली. भाडं महिना 400 रुपये, पावती दर महिन्याला. दुसरी खोली बंद, तिच्या भिंतीला कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी फट.

त्याला काटकोनात तीन संडासांची रांग. हे मूळचे टोपलीचे संडास. मागच्या बोळात उघडणाऱ्या लोखंडी झडपा अजून भिंतीत दिसतात. पुढे कधीतरी भांडी बसवून त्यांना विटांच्या जुन्या नालीला जोडून दिलं. आता फक्त मावशी वापरतात.

फाटकाजवळ गॅरेज. सत्तरच्या दशकातलं, विटांच्या भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब, आतून गुलाबी डिस्टेंपर. शेव-नमकीनचा व्यवसाय करणारे एक भाऊ ते गोदाम म्हणून वापरत. बेसनाची पोती, तेलाचे डबे. भाडं 6,500. स्लॅबवर 1,000 लिटरची प्लास्टिकची टाकी, कारण नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि वरच्या मजल्याच्या भाडेकरूला साठवायला दुसरी जागा नव्हती.

चौथं, अंगणाच्या मधोमध सिमेंटच्या चद्दरींची शेड. लाकडं, मोडका पलंग, जुनी कपाटं. भाडं शून्य.

दिसायला सगळ्यात धड गॅरेज होतं आणि सगळ्यात पडकं कवेलूचं. ठेकेदारांची भाषाही त्याच क्रमानं होती.

आधी धोका, मग निर्णय

दुरुस्त करायचं की पाडायचं, हे ठरायला आठवडे लागतात. तोपर्यंत माणसं तिथेच असतात. म्हणून पहिल्या भेटीत मी निर्णयाचा विषय काढतच नाही. आज रात्री काय पडू शकेल आणि त्याच्याखाली कोण आहे, एवढंच बघते.

गॅरेजच्या स्लॅबला खालून हातोडी लावली. धड काँक्रीट टणटण वाजतं. इथे मधल्या पट्ट्यात आवाज पोकळ, आणि दुसऱ्या ठोक्याला डिस्टेंपरसकट एक चकती खाली आली. मागे तांबडी, पापुद्रे सुटलेली सळई. त्याच स्लॅबवर एक टन पाणी उभं होतं आणि टाकीचा ओव्हरफ्लो वर्षानुवर्षं तिथेच पडत होता. टाकी त्याच दुपारी रिकामी केली. संध्याकाळपर्यंत स्लॅबखाली बल्ल्यांचे टेकू लागले आणि नमकीनवाल्या भाऊंना पोती कडेच्या भिंतीला लावायला सांगितली, म्हणजे मधे कोणी उभं राहायला नको.

शेडचं मावशींनी सांगितलं. मी आत पाय टाकणार तेवढ्यात त्या काकूंना म्हणाल्या, "वैनी, त्यांना मधे नका जाऊ देऊ. विहीर आहे ना तिथं. सासूबाई इथंच धुणं धुवायच्या." काकूंना ते अंधुक आठवत होतं, मुलाला माहीतच नव्हतं. 1978 साली नर्मदेचं पाणी इंदूरला आलं, मग हळूहळू घरोघरच्या विहिरी वापरातून गेल्या. कुणी बुजवल्या, कुणी वरून झाकून टाकल्या. इथे दोन लोखंडी गर्डर टाकून वर दगडी फरशी बसवली होती आणि पुढच्या पिढीनं त्या फरशीवर शेड उभारली.

30 मार्च 2023, रामनवमी. पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचा स्लॅब हवनाच्या वेळी खचला आणि 36 माणसं गेली. इंदूरमध्ये राहणाऱ्या कुणालाही तो दिवस समजावून सांगावा लागत नाही. तरीही कितीतरी घरांच्या मागे अशी झाकलेली विहीर आहे, तिच्यावर स्कूटर उभी राहते, मुलं खेळतात आणि तिच्याबद्दल माहिती असलेलं घरातलं शेवटचं माणूस ऐंशीच्या घरात असतं. तुमचं घर जुनं असेल तर हे वाचून झाल्यावर त्या माणसाला विचारा. शेडला त्याच दिवशी कुलूप लागलं आणि भोवती दोरी.

तिरकी फट

कवेलूच्या खोल्यांची फट याआधी एका मिस्त्रीनं सिमेंटनं भरली होती, नंतर दुसऱ्यानं, नंतर परत पहिल्यानं. दर वेळी ती उघडली. भरलेली फट पुन्हा त्याच जागी उघडत असेल, तर खालची जमीन हलते आहे. अशा वेळी भिंतीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

माळव्याची काळी माती कापसाला चांगली, उथळ पायाला वाईट. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. मुख्य घर बांधणाऱ्यांना हे माहीत होतं, त्यांनी पाया खाली मुरमापर्यंत नेला. नोकरांच्या खोल्यांसाठी तेवढा खर्च कोण करणार? भिंतीलगत, कोपरा टाळून, एक छोटा खड्डा घेतला. पाया दोन फुटांवर संपला, मुरूम साडेचार फुटांवर लागला. मधली अडीच फूट काळी माती.

पण एवढ्यानं फट एकाच बाजूला का, हे समजत नाही. सगळी माती सारखीच फुगली-आक्रसली तर सगळं बांधकाम एकसारखं वरखाली होतं. फट पडते ती एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी असली की. फटीवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवल्या, बाजूला तारीख लिहिली. पावसाचा टिपूस नसताना एप्रिलमध्येच दोन पट्ट्या तडकल्या. म्हणजे अंगणाकडची माती उन्हानं आक्रसत होती आणि संडासाकडची कशानं तरी ओलीच राहत होती.

काकूंकडे रंगपंचमीचा हिरवा रंग उरला होता. तो बादलीभर पाण्यात कालवून संडासाच्या चेंबरमध्ये ओतला आणि वर आणखी पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात उतरून बघितलं, तर पायाच्या दगडांमधून, नालीच्या कडेच्या जुन्या भरावातून, हिरवी ओल पाझरत होती. विटांची नाली खोलीच्या पायाला जवळजवळ चिकटून जात होती आणि तिचे सांधे कधीच संपले होते.

पडक्या खोल्यांचा दोष खोल्यांचा नव्हताच. संडास आणि त्याची नाली गेली की खोल्यांचं अर्ध दुखणं जाणार होतं. उलट, खोल्या आधी दुरुस्त करून संडास तसाच ठेवला असता, तर चौथ्यांदा मिस्त्रीला बोलवावं लागलं असतं.

आत चढून लाकूड तपासलं. सागवानी वासे स्क्रूड्रायव्हरनं टोचले. मधे टोक घुसत नव्हतं. संडासाच्या बाजूच्या दोन वाशांची भिंतीत गेलेली टोकं मात्र विती-दीड विती कुजलेली, स्क्रूड्रायव्हर लोण्यासारखा आत. बाकी लाकूड असं की आज विकत घ्यायला गेलं तर हात आखडावा. भिंती विटा-चुन्याच्या, त्यांवर मागच्या वीस वर्षांत सिमेंटचं प्लास्टर चढवलेलं, आणि त्याच्या आत कोंडलेल्या ओलीनं लोणा (क्षार) लागलेला. प्लास्टर काढून चुन्याचं केलं की भिंत श्वास घेते.

गॅरेज

गॅरेजचं उलट. भिंती ठीक, जमीन ठीक, फरक फक्त डोक्यावर. स्लॅब चार इंची. सळईखाली काँक्रीट जेमतेम दहा-बारा मिलिमीटर. आयएस 456, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, आज साधारण 20 मिलिमीटर तरी हवं. आवरण पातळ, वरून सततचं पाणी, मग सळई गंजली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतूनच काँक्रीट ढकलून टाकतो. सळई खरवडून मोजली. आठ मिलिमीटरची कुठे कुठे पाचची राहिली होती. ऐकायला तीनच मिलिमीटर गेले, पण क्षेत्रफळानं बघितलं तर निम्म्याहून जास्त लोखंड गेलं.

अशा स्लॅबला खालून पॉलिमरचा गिलावा करून देणारे आहेत. एकानं 1,70,000 सांगितले. हमी किती वर्षांची विचारल्यावर तो टाकी परत वर ठेवणार का, ते विचारायला लागला. मला तेवढं उत्तर पुरेसं होतं.

मावशींची खोली आणि कायदा

मुलाची खरी योजना हळूहळू बाहेर आली. मागचं पाडलं की मावशींना जावंच लागेल, खोलीच राहणार नाही तर भाडेकरू कसला. तो वाईट माणूस नाही. त्याला आईच्या मागे हे सगळं एकट्याला निस्तरायचं आहे, ही त्याची धास्ती खरी आहे. पण हा रस्ता माणुसकीच्याही बाहेरचा आहे आणि कायद्याच्याही, आणि मी त्याला हे स्पष्ट सांगितलं.

मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 या राज्याच्या भाडेकरू कायद्यामध्ये 'स्थान' या शब्दात इमारतीला जोडून असलेली बाग, मोकळी जागा, गॅरेज आणि आउटहाऊस येतात. मागची खोली म्हणजे कमी दर्जाचं भाडं, असं कायदा मानत नाही. राहण्यास धोकादायक झालेली जागा दुरुस्तीसाठी, किंवा पुन्हा बांधण्यासाठी, रिकामी मागता येते. कलम 12 मध्ये दोन्ही कारणं आहेत. पण ते कोर्टातून. पुन्हा बांधायचं असेल तर नकाशे आणि अंदाजपत्रक नीट तयार आहे का, मालकाकडे पैसा आहे का, हे कोर्ट बघतं. आणि कलम 18 खाली, दुरुस्ती किंवा बांधकाम झाल्यावर परत यायचं की नाही, हे भाडेकरूला विचारलं जातं.

पाडून टाकलं की हक्क संपतो, हा समजही खरा नाही. सांगलीत महापालिकेनं पाडलेल्या एका इमारतीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली निकाल दिला, की भाडेपट्ट्यात जमीनही येते, म्हणून इमारत गेली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप जात नाही. पाडून झाल्यावर काकूंच्या हातात रिकामं अंगण आणि एक खटला, दोन्ही आलं असतं.

संडासाचंही तसंच. पाणी, वीज, सफाई अशा जरुरीच्या सोयी मालकानं बंद करू नयेत, असं कायदा म्हणतो. मावशींचा एकमेव संडास दुसरी सोय न करता पाडणं त्यातच बसलं असतं. म्हणून क्रम ठरला: आधी नवा संडास-न्हाणीघर, मग जुनी रांग.

माझ्याकडून 'सगळं जर्जर' असा रिपोर्ट मागितला होता. तो मी दिला नाही. प्रत्येक बांधकामाचा वेगळा रिपोर्ट दिला, त्यात कवेलूच्या खोल्या 'दुरुस्तीयोग्य' असं लिहिलं. इंजिनियरच्या एका शब्दावर कुणाचं तरी घर जातं. हा शब्द वापरताना माझा हात आखडतो आणि आखडायलाच हवा.

पैसा

मुलानं हिशेब मांडला होता, आणि नुसत्या कागदावर तो बरोबर होता. खोल्यांच्या दुरुस्तीचा अंदाज 2,80,000, भाडं 400 रुपये. जन्मात फिटणार नाही. गॅरेजची दुरुस्ती 1,70,000, भाडं वर्षाला 78,000. दोन-सव्वादोन वर्षांत वसूल. म्हणजे खोल्या पाडा, गॅरेज ठेवा.

या हिशेबात तीन गोष्टी नव्हत्या. एक, बंद असलेली दुसरी खोली. संडास-न्हाणीघर जोडून मिळालं तर रामबागेत तिला महिना 4,000 सहज येतात. वर्षाला 48,000. खर्च सहा वर्षांच्या आत निघतो आणि मावशींच्या भाड्याला हात लावावा लागत नाही. दोन, खोल्या एकदा पाडल्या की परत बांधता येत नाहीत. मागच्या हद्दीला लागून राहत्या खोल्यांना आज परवानगी मिळणार नाही. भूमी विकास नियम, 2012 प्रमाणे मोकळी जागा सोडावी लागते. जुनं आहे तोवर आहे. दुरुस्ती चुकली तर पुढच्या वर्षी पाडता येईल, पाडणं चुकलं तर काहीच करता येणार नाही. तीन, गॅरेजच्या दुरुस्तीत हमी नव्हती. ज्या छताखाली रोज माणूस उभा राहतो, तिथे किती वर्षांत वसूल, हा हिशेब मी करत नाही.

स्लॅब काढून भिंतींवर हलकी टीनची छपरी टाकावी, हा पर्याय मला आवडला होता. खर्च कमी, भार नाहीसा. नमकीनवाल्या भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "ताई, मे महिन्यात टीनखाली तेल ठेवलं तर आठ दिवसांत खवट होईल. मी दुसरी जागा बघतो." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आणि नुसत्या गाडीसाठी इथे कुणी 6,500 देणार नाही. गाडी उघड्या फरशीवरही उभी राहते. म्हणून गॅरेज पूर्ण काढायचं ठरलं. भाऊंना दोन महिन्यांची मुदत, अनामत रक्कम पूर्ण परत, दोन्ही लेखी.

कराबद्दल एक गोष्ट बऱ्याच घरमालकांना माहीत नसते. भाड्याच्या उत्पन्नातून घराच्या देखभालीसाठी सरसकट 30 टक्के वजावट मिळते. दुरुस्तीला एक रुपया घाला की तीन लाख, ती तेवढीच. दुरुस्तीसाठी कर्ज घेतलं तर त्याचं व्याज मात्र वेगळं वजा होतं. काकूंनी तरी मुदत ठेव मोडली. कर्जाचं नाव काढलं की त्यांना झोप लागत नाही.

कामाचा क्रम

सगळ्यात आधी शेड. सिमेंटच्या जुन्या चद्दरींमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. चद्दर अखंड असेपर्यंत धोका कमी. फोडली, कापली, घासली की तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात, कर्करोग वर्षानुवर्षांनी उमटतो. मजूर सवयीनं घण उचलत होते. मी तिथे उभी राहून घण खाली ठेवायला लावला. चद्दरी पाण्यानं भिजवल्या, बोल्ट गंजलेले होते ते कापले, चद्दर नाही, मग एकेक अखंड खाली उतरवून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळली. मास्क नीट बसणारे, कापडाचे नाहीत. चद्दरी बाकीच्या मलब्यात मिसळल्या नाहीत. एका मजुरानं त्यातल्या दोन मागितल्या, घराच्या छपराला. मी नाही म्हटलं आणि का ते सांगितलं. त्याला टीनच्या दोन चद्दरी काकूंनी घेऊन दिल्या.

मग फरशी. विहिरीवर कुणी उभं न राहता, कडेनं फळ्या टाकून, एकेक फरशी उचलली. गर्डरचा खालचा पट्टा काही ठिकाणी कागदासारखा झाला होता. आत वीस-बावीस फुटांवर पाणी, काळं, तरंगता कचरा. विहीर बुजवायची का, यावर काकू आणि मुलगा दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं: नाही. गाळ काढला, तीन फुटी कठडा बांधला, वर लोखंडी जाळी आणि कुलूप. मुख्य घराच्या छताचं पाणी गाळून तिच्यात सोडलं.

नवा संडास-न्हाणीघर खोल्यांच्या दुसऱ्या टोकाला, अंगणाच्या बाजूला झालं. नवी पाइपलाइन भिंतीपासून दूर काढली, चेंबर पक्के केले, पाणी भरून रात्रभर तपासले. मगच जुनी रांग पाडली. काही पाहुणे म्हणाले, झडपा ठेवा, जुन्या काळची आठवण. मला ते पटलं नाही. त्या झडपांच्या पलीकडे पहाटे कोण येत होतं आणि डोक्यावर काय घेऊन जात होतं, ते माहीत असताना ती शोभेची वस्तू होऊ शकत नाही. हातानं मैला उचलण्यावर बंदी घालणारा 1993 चा कायदा, पुन्हा 2013 चा, हे त्या झडपा बंद करण्यासाठीच करावे लागले. झडपा भंगारात गेल्या.

संडासावरचे इंग्लिश कवेलू मात्र धड होते. धुऊन, उन्हात वाळवून ते खोल्यांच्या छपराला लावले, नवे फार थोडे घ्यावे लागले.

खोल्यांचं काम सुरू होण्याआधी मावशींशी कागद केला. तात्पुरती सोय काकूंच्या मागच्या खोलीत, दुरुस्तीनंतर त्याच खोलीत परत, भाडं तेच. काकू म्हणाल्या, "अगं, आमच्यात कागद कशाला? ती काय परकी आहे?" मी म्हटलं, काकू, तुमच्यासाठी नाही, तुमच्यानंतरच्यांसाठी. मावशींनी कागद दोनदा वाचून घेतला, मग सही केली. एक प्रत त्यांनी देवघराच्या फडताळात ठेवली.

पायाला फक्त संडासाकडच्या कोपऱ्यात आधार दिला, हात-हातभर लांबीचे तुकडे एकाआड एक खणून, मुरमापर्यंत नेऊन. सगळा पाया एकदम उघडा केला तर भिंत अंगावर येते. वाशांची कुजकी टोकं कापून नवं सागवान जोडलं, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या. भोवती उताराची फरसबंदी, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. सिमेंटचं प्लास्टर खरवडून चुना-सुर्खीचं (चुना आणि विटांची पूड) केलं. फट मात्र भरली नाही. मुलाला ते चमत्कारिक वाटलं, "ज्याच्यासाठी सगळं सुरू झालं तीच उघडी?" वर्षानुवर्षं ओली राहिलेली माती आपल्या गतीनं वाळणार, तोवर भिंत थोडी हलणार. आत पाणी येऊ नये एवढं मऊ भरण टाकलं आणि नव्या काचा लावल्या.

गॅरेज शेवटी, भाऊंचं गोदाम हलल्यावर. शेजाऱ्यांच्या भिंतीचे फोटो आधी काढले, महापालिकेच्या झोन कार्यालयात लेखी कळवलं. पाडकामाच्या आयएस 4130 या मानकात जे सांगितलं आहे ते साधंच आहे: वरून खाली या, आणि जे पाडताय त्यावर उभे राहू नका. स्लॅब पट्ट्यापट्ट्यांनी, परांचीवर उभं राहून काढला. विटा, काँक्रीट, लोखंड, लाकूड वेगळं केलं. 2016 च्या मलबा नियमांत तसंच करायला सांगितलं होतं, आणि सळई-विटांचे पैसेही त्यामुळेच आले. उरलेला मलबा देवगुराडियाच्या केंद्रावर गेला. टाकी आता जमिनीवर पक्क्या ओट्यावर आहे, छोट्या पंपानं वर पाणी चढतं. पुढच्या संपत्तिकराच्या फॉर्ममध्ये बांधकामाचं क्षेत्र कमी दाखवायला विसरू नका, असं काकूंना लिहून दिलं आहे.

पावसाळ्यानंतर

मावशी जूनच्या मध्यात आपल्या खोलीत परत गेल्या. जुलैत तीनपैकी एक काच तडकली, केसभर. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात बाकीच्या दोन तशाच राहिल्या. दिवाळी झाल्यावर फटीच्या दोन्ही बाजूंच्या विटा काढून नव्या विटांनी शिवण घातली आणि चुन्यानं बंद केली. काचा अजून तिथेच आहेत. येत्या उन्हाळ्यात त्या बघायच्या आहेत, कारण काळी माती खरी परीक्षा वाळताना घेते.

दुसरी खोली नर्सिंगच्या दोन विद्यार्थिनींनी घेतली, 4,200 रुपयांना. अंगणात भाडेकरूंच्या दुचाकी आणि एक गाडी उभी राहते. गॅरेजचं भाडं गेलं ते पूर्ण भरून निघालेलं नाही, महिन्याला 2,300 रुपयांची तूट आहे. मुलगा ती दर फोनला काढतो. काकूंनी सगळ्या भाडेकरूंचे नवे करार करताना मागे काय काय आहे, कोणाला काय वापरता येईल आणि विहिरीची किल्ली कोणाकडे, हे त्यात लिहून घेतलं. किल्ली मावशींकडे आहे.